पाठीराख्यांचा मुलूख

1884 सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस लंडन शहरात काही अनोळखी पाहुणे उतरले. इंग्लंडच्या उत्तरेकडील लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे कापडगिरण्यांचे एक गाव आहे. त्या गावचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल संघ केनिंग्टन ओव्हलच्या मैदानावर स्कॉटलंडच्या क्वीन्स पार्क संघाशी अंतिम सामना खेळणार होता, आणि त्याच्या मागोमाग गावकरीही आगगाडीत बसून राजधानीत आले होते. त्यांचा वेष ओबडधोबड, बोली रांगडी, आवाज मोठा. लंडनच्या एका प्रतिष्ठित सायंदैनिकाने त्यांची यथेच्छ टवाळी केली. रानटी टोळीच जणू शहरात शिरली आहे, असा त्या लिखाणाचा सूर होता. ब्लॅकबर्नने सामना दोन विरुद्ध एक अशा गोलांनी जिंकला आणि ही मंडळी आल्या वाटेने परत गेली.

त्या सामन्याचा निकाल, गोलांची संख्या, खेळाडूंची नावे ही सारी खेळाच्या इतिहासात नोंदलेली आहेत. पण गिरणीतला आठवडाभराचा घाम पुसून, पदरचे पैसे मोडून, अकरा गड्यांच्या पाठीशी परमुलखात उभा राहिलेला तो जो माणूस, त्याची नोंद त्या टवाळीपलीकडे फारशी कोठे सापडत नाही. पाठीराखा कागद ठेवीत नाही. त्याचे दप्तर म्हणजे त्याची स्मृती, आणि ते दप्तर त्याच्याबरोबरच जळते. आज मला बोलावयाचे आहे ते या माणसाविषयी. त्यातही आपल्या मराठी मुलखातल्या पाठीराख्याविषयी.

असा पाठीराखा जन्माला येण्यास तीन गोष्टी लागतात. हाताशी मोकळा वेळ हवा, प्रवासाचे साधन हवे, आणि ज्याला आपला म्हणावे असा संघ हवा. इंग्लंडात या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. 1850 च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले, आणि ती थांबली म्हणजे गिरणी चालविणे पुरुषांनाही अशक्य होई. शनिवारची ती दुपार फुटबॉलने व्यापली. आगगाड्या होत्याच. संघ तर गावोगावचे होते, कोठे चर्चच्या आश्रयाने उभे राहिलेले, कोठे कारखान्यातील सोबत्यांनी काढलेले, आणि ज्या गावचे त्या गावचे नाव लावणारे.

आपल्याकडे काय होते? ज्या 1884 साली ब्लॅकबर्नचे गिरणीकामगार लंडनला गेले, त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची संघटना उभारली. तिची एक मुख्य मागणी, आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, ही होती. ती पदरात पडावयास 1890 चा जून उजाडला. तोवर मुंबईच्या गिरणीकामगाराला हक्काचा विसावा असा नव्हताच. सणवार आणि यंत्रे धुण्यापुसण्याचा दिवस, एवढीच त्याची उसंत. रविवारची सुटी मिळाली त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 1891 साली, मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. आणि त्याच 1891 च्या फेब्रुवारीत नागपूरहून रायपूर-बिलासपूर मार्गे आसनसोलपर्यंतचा लोहमार्ग मालवाहतुकीस खुला झाला. 1900 साली तो हावड्याला जोडला गेला आणि मुंबई व कलकत्ता ही फुटबॉलची दोन मोठी ठाणी या मार्गानेही बांधली गेली. वेळ मिळाला, गाडी मिळाली. उणीव राहिली ती तिसऱ्या गोष्टीची.

कारण कूपरेजचे मैदान हे फोर्टातले, पलटणींच्या वस्तीजवळचे. पिंपे बनविणाऱ्यांच्या जुन्या कारखान्यावरून त्या जागेला ते नाव पडले असे सांगतात. रोव्हर्स चषक पहिल्या वर्षी वुस्टरशायर पलटणीने जिंकला आणि पुढे पंचेचाळीस वर्षे तो गोऱ्या संघांच्याच हातांत फिरत राहिला. पलटणीला पाठीराखे असतात ते पलटणीतलेच. परळ-लालबागच्या माणसाने त्यात कोणाच्या बाजूने ओरडावे? त्याचा जीव आखाड्यात रमे, हुतुतूच्या पाटीवर रमे. फुटबॉल तो लांबून पाही, साहेबाचा बँड पाहावा तसा.

कलकत्त्यात मात्र ही तिसरी उणीव लवकर भरून निघाली. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळत होते. या सामन्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला त्यातला प्रेक्षकांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. आसपासच्या जिल्ह्यांतून लोक लोटले, त्यांच्यासाठी जादा गाडी सोडावी लागली, नदीवर जादा आगबोटी चालविल्या गेल्या. मैदानाभोवती इतकी दाटी झाली की मागच्या हजारोंना खेळ दिसेना. तेव्हा पतंग उडवून त्यांना गोलांची संख्या कळविण्यात आली. डोळ्यांनी चेंडू न दिसता केवळ आकाशातल्या पतंगाकडे पाहून रडणारा आणि हसणारा तो जमाव, हा हिंदुस्थानातील पहिला खरा पाठीराखा होय, अशी माझी समजूत आहे.

1923 साली मोहन बागान मुंबईस आला आणि रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून त्याचा पराभव झाला, पण वाट मोकळी झाली. 1937 साली बंगळूर मुस्लिम्स हा रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला हिंदी संघ ठरला. पुढच्या वर्षीही तोच जिंकला. 1940 मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने त्याला हरवून चषक नेला. मग 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे गुरू. 1956 च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या स्थानावर नेणारेही तेच. 1955 साली मोहन बागानने अखेर बत्तीस वर्षांपूर्वीची उणीव भरून काढली.

या यादीत एक गोष्ट चटकन लक्षात येते. जिंकणारे सारे पाहुणे आहेत. मैदान मुंबईचे आणि संघ परगावचे. म्हणजे मुंबईकर प्रेक्षक वर्षानुवर्षे पाहुण्यांचाच पाठीराखा होऊन बसला. पण हे पाहुणे तरी कितपत परके? मुंबई हे शहरच मुळी परगावच्या माणसांचे. धोबीतलाव-गिरगावच्या बाजूस गोमंतकीयांच्या कुडी होत्या. एकेका गावच्या लोकांनी आपल्या गावकऱ्यांसाठी चालविलेले ते बिऱ्हाड. बंगाली कारकून होते, हैदराबादेकडील, मलबाराकडील माणसे होती. ज्याला आपला संघ पाहण्यासाठी गावी जाणे परवडत नव्हते त्याच्या दारी वर्षातून एकदा त्याचा संघच चालून येई. परमैदान हे त्या दिवसांपुरते घर होई. आपल्या संघाच्या मागे गावोगाव हिंडणारा ब्लॅकबर्नचा माणूस आणि आपला संघ आपल्या गावी येण्याची वाट पाहणारा मुंबईतला परगावचा माणूस, हे दोघे एकाच भावनेची दोन टोके होत.

ही दुसऱ्या टोकाची भावना आम्हां रायपूरकर मराठी माणसांना समजावून सांगण्याचे कारण नाही. 1758 साली बिंबाजी भोसले छत्तीसगडात आले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पण मराठी घरे राहिली. पुढे मध्य प्रांत आला, 1956 साली विदर्भ वेगळा होऊन हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, 2000 साली छत्तीसगड राज्य झाले. राज्ये बदलली तरी 1935 साली स्थापन झालेले येथील महाराष्ट्र मंडळ चालू राहिले, आणि समता कॉलोनीपासून चौबे कॉलोनीपर्यंत सायंकाळी फेरफटका मारला तर दोनचार दारांतून मराठी बोलणे आजही कानी पडते. आम्ही तीन तीन पिढ्या परमैदानावर खेळत आहोत असे कोणी थट्टेने म्हटले तर ते अगदीच खोटे नव्हे. जाता जाता आणखी एक गोष्ट. मद्रासेत 1897 साली तरुणांना गीतापठणाआधी फुटबॉल खेळून दंड कमवा असे बजावणाऱ्या स्वामी विवेकानंदांच्या बालपणाचा काही काळ या रायपुरातच गेला. 1877 साली ते येथे आले तेव्हा नागपूरच्या पुढे आगगाडी नव्हती. सारा प्रवास बैलगाडीचा. आता त्यांच्या नावाचा तलाव गावाच्या मध्यभागी आहे.

मात्र मराठी मुलखातला खरा, अस्सल पाठीराखा पाहावयाचा तर कोल्हापूरलाच गेले पाहिजे. आमच्या समता कॉलोनीत एक वृद्ध गृहस्थ आहेत. जन्म कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांच्या तालमीचे नाव मी सांगत नाही, कारण दुसऱ्या तालमीचा एखादा वाचक या ओळी इथेच मिटून ठेवील. त्यांच्याशी बोलताना मला प्रथम कळले की कोल्हापुरात फुटबॉलचा संघ हा क्लबाचा नसतो, तो तालमीचा असतो. आणि तालीम ही नुसती व्यायामशाळा नसते.

कोल्हापूरच्या पेठांतील तालमी या कुस्तीच्या. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत त्या भरास आल्या आणि 1912 साली खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले. पण तालमीच्या एका छताखाली सारी पेठच नांदत असे. गणपती तालमीचा, मोहरमात पंजे बसतात तेही पुष्कळशा तालमींत, पेठेतले भांडणतंटे मिटवावयाचे तेही तेथेच. संस्थानी काळात फुटबॉल कोल्हापुरात रुजला, आणि मग आखाड्याच्या तांबड्या मातीतली ईर्ष्या सरळ चेंडूमागे धावू लागली. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर ही नावे वाचली म्हणजे फुटबॉल साहेबाने आणला होता हे विसरावयास होते. कोणत्याही विलायती संघाचे नाव इतके आपल्या मातीतले वाटणार नाही.

सामने होतात ते शाहू स्टेडियमवर, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या देखरेखीखाली. कोल्हापूर हे एकेकाळी तळ्यांचे गाव होते. कपिलतीर्थ बुजले तेथे मंडई झाली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले, आणि रावणेश्वराचे तळे होते तेथे हे स्टेडियम उभे राहिले. आता गंमत अशी की साऱ्या तालमींचे मैदान हे एकच. घरचा सामना आणि परगावचा सामना हा भेदच तेथे नाही. पाठीराख्याचा सारा प्रवास म्हणजे पेठेतून निघून मैदानापर्यंतचा. फार तर वीस मिनिटांची चाल. परंतु हा प्रवास ब्लॅकबर्नहून लंडनला जाण्याइतकाच दीर्घ असतो हे त्या वृद्ध गृहस्थांचे बोलणे ऐकताना पटते. "घरातून निघताना हलगी वाजायला लागली, की नोकरीवरचा साहेब आठवत नव्हता, घरची उधारी आठवत नव्हती," असे ते म्हणाले. दुसऱ्या पेठेच्या हद्दीतून जाताना हलगीचा ताल मुद्दाम वाढवावयाचा. मैदानात बसण्याच्या जागा ठरलेल्या; कोणत्या बाजूला कोणाची माणसे हे ज्याला ठाऊक नाही तो कोल्हापूरचा नव्हे. जिंकल्यास गुलाल. हरल्यास परतीच्या वाटेवर हलगी खांद्याला उलटी टांगलेली, आणि ज्या बोळातून विरोधी तालमीच्या माणसांची गाठ पडेल तो बोळ टाळून लांबच्या वाटेने घर गाठावयाचे.

त्यांच्या बहिणीचे लग्न शिवाजी पेठेत झाले होते. मेहुणा विरुद्ध तालमीचा. सामन्याच्या दिवशी मेहुणा घरी आला तर बहीण दोघांची ताटे वेगवेगळ्या खोल्यांत मांडी. हे सांगताना ते हसले नाहीत. मला वाटते, परमुलूख म्हणजे काय याची याहून चांगली व्याख्या मला कोणी सांगितलेली नाही. तो शेकडो मैलांवर असावा लागत नाही. तो पलीकडच्या खोलीतही असतो.

या निष्ठेची दुसरी बाजू झाकून ठेवणे हे इतिहासकाराला शोभणारे नाही. पेठांची ईर्ष्या मैदानावर मावली नाही तेव्हा ती गल्लीत उतरली. हुल्लड, दगडफेक, मारामारी यांमुळे सामने अर्ध्यावर थांबविण्याची आणि पोलिसांचा मोठा बंदोबस्त ठेवण्याची वेळ अनेकदा आली आहे. जी निष्ठा पेठेला एक करते तीच शहराला दुभंगते. तालमींना याची जाणीव नाही असे नाही. पण जिंकण्याच्या हौसेपायी बाहेरून खेळाडू आणले जाऊ लागले, आफ्रिकेतील खेळाडूही तालमींच्या संघांतून खेळून गेले, आणि पेठेचा मुलगा पेठेसाठी खेळतो हा जुना अभिमान थोडा पातळ झाला. जुन्या पाठीराख्यांची याविषयीची तक्रार मला सर्वस्वी मान्य नाही. परका मुलगा आपल्या रंगात खेळला आणि पेठेने त्याला खांद्यावर घेतले, तर पेठ लहान होत नाही, मोठी होते. मात्र त्याच्यापायी पेठेतला मुलगा कायमचा बाकावर बसून राहू लागला तर तक्रारीत तथ्य आहे.

कोल्हापूरचा पाठीराखा परगावी जात नाही असेही नाही. गडहिंग्लज हे त्या जिल्ह्यातील दुसरे फुटबॉलवेडे गाव. तेथील स्पर्धांना कोल्हापूरचे संघ जातात, तसेच मिरजेला आणि सीमेपलीकडे बेळगावलाही. आणि जगातल्या सर्वांत लांबच्या परमैदानावर तर कोल्हापूर दर चार वर्षांनी बसल्या जागेवरून जाऊन येते. विश्वचषकाच्या दिवसांत तेथील पेठा अर्जेंटिना व ब्राझील यांत वाटल्या जातात, चौकाचौकांत निळेपांढरे आणि पिवळे ध्वज लागतात, खेळाडूंच्या भल्या उंच प्रतिमा उभ्या राहतात. ज्यांना हा पोरकटपणा वाटतो त्यांनी एक लक्षात ठेवावे, की 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

आता मुंबईकडे पुन्हा वळू. मुंबईला आपला म्हणावा असा संघ मिळाला नाही असे मी म्हटले. तो मिळाला, पण तो कचेरीच्या दारातून आला. 1958 साली कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, मध्य रेल्वे, एअर इंडिया, राष्ट्रीय केमिकल्स असे संघ एकामागून एक उभे राहिले. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला लौकिक मिळे. व्यवस्था चांगली होती. अनेक गरीब मुलांची घरे तिने उभी केली, हे नि:संशय. परंतु कंपनीच्या संघाचे गाव कोणते? त्याला बोळ नाही, चौक नाही, हलगी नाही. ज्या दिवशी हिशेबनिसाला खर्च जड वाटेल त्या दिवशी संघ बंद. महिंद्र युनायटेड हे याचे ठळक उदाहरण. 1962 साली स्थापन झालेला हा संघ 2006 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. मुंबईच्या संघाने मिळविलेले ते राष्ट्रीय लीगचे पहिले अजिंक्यपद. चारच वर्षांनी, 2010 साली, तो संघ विसर्जित झाला. शतकाहून अधिक काळ चाललेली रोव्हर्स स्पर्धाही नव्या शतकाच्या आरंभी थांबली.

2007 साली मुंबई एफ.सी. हा नवा क्लब निघाला. त्याला मात्र तरुण पाठीराख्यांचा एक चांगला जथा लाभला. ते स्वत:स यलो ब्रिगेड म्हणवीत. कूपरेजची दुरुस्ती चालू असताना या क्लबाचे घरचे सामने काही काळ पुण्याजवळच्या बालेवाडीला झाले. घरचा सामना पाहण्यासाठी घाट चढून दुसऱ्या शहरात जावयाचे, हा प्रकार ब्लॅकबर्नच्या गिरणीवाल्यालाही सुचला नसता. तरीही ही मुले गेली. 2017 साली क्लब लीगमधून खाली घसरला आणि पुढे बंदच पडला. पुण्याची गतही वेगळी नाही. पुणे एफ.सी. 2015 मध्ये संपला, डी.एस.के. शिवाजियन्स 2017 मध्ये, एफ.सी. पुणे सिटी 2019 मध्ये. पाच वर्षांत तीन क्लब. एकाच माणसाने तिघांचेही सदरे विकत घेतले असतील तर आज त्याच्या कपाटात तीन मृत संघांचे रंग घडी करून ठेवलेले असणार. गोव्यात धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या जुन्या नामांकित क्लबांनी 2016 साली राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळविलेला धेंपोसारखा क्लब पुन्हा त्या लीगमध्ये दिसावयास 2024 साल यावे लागले.

क्लब बंद होतो तेव्हा खेळाडूला दुसरा क्लब मिळतो, प्रशिक्षकाला दुसरी नोकरी मिळते, मालकाला दुसरा व्यवसाय असतोच. पाठीराख्याला दुसरे काही मिळत नाही. निर्णयाच्या बैठकीस त्याला बोलावणे नसते. बातमी तो इतरांबरोबर वृत्तपत्रात वाचतो. लंडनच्या विंबल्डन क्लबाच्या पाठीराख्यांवर 2002 साली असाच प्रसंग आला. मालकांनी क्लब उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावी नेण्याचे ठरविले आणि त्यास परवानगीही मिळाली. त्या वेळी पाठीराख्यांनी एक असाधारण गोष्ट केली. त्यांनी आपला क्लब आपणच पुन्हा काढला. गावाच्या उघड्या माळावर खेळाडूंची निवड केली आणि अगदी खालच्या पायरीपासून खेळावयास सुरुवात केली. नऊ वर्षांत, 2011 साली, तो क्लब मुख्य लीगमध्ये दाखल झाला आणि 2020 मध्ये आपल्या जुन्या रस्त्यावर नव्या मैदानात परत गेला. ज्याची मालकी पाठीराख्यांकडे आहे त्या संघाला कोणी उचलून नेऊ शकत नाही.

आपल्याकडे हे कोणाला सुचले नाही याचा पुष्कळांना खेद वाटतो. मला तो अर्धाच वाटतो, कारण कोल्हापूरच्या पेठांनी ते कोणत्याही कायद्यावाचून, कोणत्याही घटनेवाचून, केव्हाच करून ठेवले होते. खंडोबा तालीम विकत घेण्यासाठी कोणी धनिक आला तर त्याने पैसे कोणाच्या हातावर ठेवावयाचे? ज्याला मालक नाही ते बंद कोण करणार? मुंबईतले एवढे सधन संघ नाहीसे झाले आणि वर्गणीवर चालणाऱ्या तालमी टिकल्या, याचे कारण मला तरी याहून निराळे दिसत नाही. तालमीच्या संघाला देशपातळीवर कधी जाता आले नाही ही त्याची किंमत. मोठे मैदान आणि टिकाऊ मैदान ही दोन्ही एकाच संघाला लाभल्याचे उदाहरण मराठी मुलखात अजून घडावयाचे आहे.

2014 साली स्थापन झालेल्या मुंबई सिटी या क्लबाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 2019 मध्ये त्याचा बहुतांश भाग मँचेस्टरच्या एका परदेशी समूहाने विकत घेतला. म्हणजे मालक आणखी दूर गेला. पाठीराखे मात्र जवळचे, वेस्ट कोस्ट ब्रिगेड या नावाने एकत्र आलेले. 2021 च्या मार्चमध्ये या संघाने प्रथमच देशाचे अजिंक्यपद जिंकले, ते गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, मोहन बागानविरुद्ध. पण महामारीचा काळ. सारे सामने रिकाम्या स्टेडियमांत झाले. ज्या क्षणाची सात वर्षे वाट पाहिली तो क्षण पाठीराख्यांनी आपापल्या घरांत दारे लावून पाहिला. पुढच्या वर्षी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब झाला. 2023 साली त्याच स्पर्धेतला घरचा सामना पुन्हा बालेवाडीस झाला. मुंबईकरांच्या नशिबी घाट आलाच.

मग 4 मे 2024. कलकत्त्याचे सॉल्ट लेक स्टेडियम, समोर मोहन बागान, आणि साठ हजारांहून अधिक प्रेक्षक, जवळजवळ सर्व यजमानांचे. पहिला गोल मोहन बागानने केला. मध्यंतरानंतर मुंबईने बरोबरी साधली, सामना संपावयास नऊ मिनिटे उरली असताना बिपिन सिंगने दुसरा गोल केला आणि अखेरच्या क्षणी तिसरा झाला. मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये नागपूर, रायपूर, बिलासपूर या मार्गाने सुमारे दोन हजार किलोमीटरचे अंतर आहे. 1923 साली मोहन बागान हा मुंबईस अंतिम सामना हरला होता. एकशे एक वर्षांनी मुंबईचा संघ त्याच्या घरी जाऊन अंतिम सामना जिंकून आला, आणि मुंबईच्या पाठीराख्यांनी आपल्या क्लबाचा अंतिम सामन्यातील विजय स्वत:च्या डोळ्यांनी प्रथम पाहिला तो असा, परक्याच्या मैदानावर.